एकतिसावी फ्रेम

फ्लोरिसकाका, म्हटलं, दोन तास दिवा मालवाल?
मेंढवाड्यावरचा तो पिवळा.
म्हणाले, कोल्हा काय तुला विचारून येतो, मेराई?
पण मालवला. आणि आले काठी, पाइप, घोंगडी घेऊन,
एवढ्या अंधाराचं मी करते काय ते बघायला.

मे महिन्यात कारूच्या माळावर रात्र
लोकरीच्या गोदामासारखी भरते, थेट छतापर्यंत.
मी पिकअपची बॅटरी उतरवली,
लेन्सला दव धरू नये म्हणून
जुना मोजा गुंडाळला, आत गरम पुडी,
लाल टॉर्च दातांत धरून गुडघ्यांवर बसले
आणि दक्षिण शोधत राहिले.

आपल्याकडे ध्रुव नाही, काका.
उत्तरेच्या लोकांना आयता खुंटा मिळाला.
या बाजूला अढळपद कुणाला दिलंच नाही.
खुंटा नाही, तर आभाळ पळून कसं जात नाही?
पळतंच आहे. म्हणून तर ही मोटर.

अगस्तीपासून बरंच पुढे, नौकेच्या तळाशी
तेजोमेघ. नव्वद सेकंदांची एकेक फ्रेम, अशा ऐंशी.
पडद्यावर राखेचा डाग.
हे?
हे.
यासाठी माझा दिवा?

एकतिसाव्या फ्रेमला त्यांनी काडी ओढली.
मी ओरडले.
काडी मुठीतच विझवली त्यांनी.
चटका बसला असणार, बोलले नाहीत.

शेवटी टोपण लावून मी आणखी वीस काढल्या.
आता कशाचे फोटो?
अंधाराचे. कॅमेऱ्याचा स्वतःचा एक खरखरीत अंधार असतो,
तो मोजून वजा करायचा.
त्याला किती वेळ?
एकेकाला जेवढा उजेडाला, तेवढाच.
काका पाइप नुसताच चावत बसले.

दुपारी संगणकानं सगळ्या एकावर एक रचल्या.
गुलाबी. कडेकडेनं निळसर.
मधोमध काळी खाच,
लोकर उतरवताना कातडीला कात्री लागते तशी.
एकतिसावी त्यानं आपणहून गाळली होती.
मी ती वेगळी ठेवली आहे:
अर्धं आभाळ नारिंगी,
त्यातून तीन तारे कसेबसे वर.

काल मी काही मागितलं नव्हतं.
तरी मेंढवाड्यावर दिवा नव्हता.
कोकरांमधून एक टॉर्च फिरत होता,
काचेवर चॉकलेटचा लाल कागद, रबरानं बसवलेला.
मोजत होते. एकवीस, बावीस,
मग चुकले असावेत,
पुन्हा एकपासून.