चौदा फेऱ्या

बर्डीवर, मोदी नंबर दोनच्या जिन्याखाली
माझं दुकान. शटर अर्धंच उघडतं.
मे महिना. कूलर नुसताच ओरडतो.

पराते काका डिस्क घेऊन आले.
"कुलूप पक्कं हाय ना, बावा?"

म्हटलं, काका, तुमचा धागा तुम्हालाच ओळखू येणार नाही.
ओळी सरकतात, उभे पट्टे एकमेकांत कालवले जातात,
वरून किल्लीचा एक हात,
आणि हे चौदा वेळा.
गोळीबार चौकात माझा बाप
लुगड्यात चूक दिसली की
धोटा उलटा घालून एकेक बाणा काढत
मागे जायचा, अगदी पहाटेच्या कामापर्यंत.
इथे मागची वाट फक्त किल्लीवाल्याला.
बाकीच्यांनी एकेक किल्ली लावून पाहायची म्हटलं
तर आधी हे ऊन विझेल.

काका खूश. "मंग लिहून घे,"
आणि कूलरच्या वर आवाज चढवून
त्यांनी पासवर्ड सांगितला.
दुकानात गिऱ्हाईकं तीन. चहावाला पोरगा चौथा.

लेकीचं नाव होतं. पुढे एक साल.
ती शाळेत माझ्या वर्गात होती,
म्हणून साल जन्माचं नाही
हे मला लगेच कळलं.

हळूच म्हटलं, बदला ना काका.
"नाई बदलत," स्क्रीनकडे पाहत ते म्हणाले,
"बोटाईले तेवढंच येते."

रात्री शटर ओढायच्या आधी
तो कागद उरलेल्या चहात बुडवला.
शाई सुटली, अक्षरं गेली.

बोटं मात्र टेबलावर
आपसूक तेच टाईप करत होती.