दुरुस्तीला गेलेलं घड्याळ

आईची सोळा पत्रं आहेत माझ्याकडे.
सतरावं उंदरांनी वाचलं.

पहिलं सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरातलं,
काम्पेनहून हार्लिंगेनला, वेंडेलिना मावशीच्या पत्त्यावर.
लाख महागली होती, घडी खळीने चिकटवलेली.

"हिले, दिवाणखान्यातलं मोठं घड्याळ
दुरुस्तीसाठी दक्षिणेला पाठवलं आहे.
इथल्या कारागिरांना जमेना.
तू काळजी करू नकोस, आणि मावशीकडे
लोण्याला दोनदा हात लावू नकोस."

मी आठ वर्षांची. घड्याळासाठी रडले.
तबकडीवर एक जहाज होतं त्याच्या,
सेकंदासेकंदाला डुलायचं, जायचं कुठेच नाही.
लगेच उत्तर लिहिलं: लंबक नीट गुंडाळलाय ना?
जहाज वाटेत बुडणार तर नाही?

मावशीने ते टपालात टाकण्याआधी वाचलं,
खाली बसली, आणि हसली की रडली
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबा शहराचं मोठं माणूस. सभागृहात उभे राहिले
की मेणबत्त्यासुद्धा सरळ जळतात, म्हणायचे लोक.
त्यांच्याच सहीने हुकूम निघाला होता
की बाजारात गाजरं पाल्याच्या बाजूने मांडा,
केशरी टोक दिसता कामा नये.
केशरी रंग राजपुत्राचा.

मग प्रशियाचे घोडे आले. आठवड्याभरात
त्याच बाजारात, टोपीला केशरी फीत नसेल
तर बाईला हेरिंगचं शेपूटही मिळेना.

तिसरं पत्र, एवढंच:
"फीत शिवली. गाजराचा रस्सा केला.
वाया काही घालवू नये."

टपाल फोडतात, हे तिला ठाऊक होतं.
म्हणून घड्याळ. घड्याळ सेंत-ओमेरला पोचलं.
घड्याळाला तिथली हवा मानवत नाही.
घड्याळाला पैसे हवेत:
"कारागीर तेलाचे वेगळे मागतो. आजीचे
चांदीचे सहा चमचे विकले. सुपाला लाकडीच बरे,
तोंड भाजत नाही."

सातव्या पत्रात:
"ऐकते की तिथे दुसरंच कोणी
त्याला किल्ली देतं आहे."
आणि त्याच ओळीत पुढे कोबीचा भाव,
धाकट्या बेरेंडचा पडलेला दात,
शेजारच्या गाईला जुळं.
शाई कुठेही फुटलेली नाही.
मी उजेडासमोर धरून पाहिलं आहे.

एकोणनव्वदच्या नाताळात मला घरी नेलं.
दिवाणखान्यात पाऊल टाकलं तर
घड्याळ भिंतीवर. जहाज डुलतंय.
"आलं परत!" मी ओरडले.
आमच्या घरात उतरवलेले दोन शिपाई
पाइप तोंडातून काढून वळले.
आईने माझ्या तोंडावर हात ठेवला.
हाताला कांद्याचा वास.
तिने तो काढला तेव्हा मी विचारलं नाही
की मग कोण गेलंय.
हार्लिंगेनला परतल्यावर पत्र लिहिलं:
घड्याळाला माझा नमस्कार कळव.

शेवटचं पंच्याण्णवच्या फेब्रुवारीतलं.
नद्या गोठल्या होत्या, फ्रेंच फौज त्यावरून चालत आली,
आणि पत्रं फोडणारे पळून गेले होते.
आता सरळ नाव लिहिता आलं असतं.

"हिले, घड्याळ आलं. बर्फावरून, घसरगाडीत.
सगळं गाव लोटलं बघायला.
टोले फार मोठ्याने देतं.
काल चौकात झाड रोवलं, त्याच्याभोवती
तासभर स्वातंत्र्याचे वाजत होतं.
बाया रडल्या. मीही उभी होते.
वेळ मात्र तिकडचीच दाखवतं अजून.
काटे हाताने फिरवू नयेत म्हणतात,
मी फिरवायला गेलेही नाही; टोचतात.

बेरेंडला मोजे घट्ट होतात.
जाड सुया असतील तर मावशीकडून घेऊन पाठव.
राखाडी लोकर इथे आहे."