मापाची रिंग

ओझरच्या पॅकहाउसात मी द्राक्षमणी मोजते.
अठरा मिलिमीटर भरला तर बाहेरदेशी,
नाहीतर लोकल.

शरणपूर रोडला लिटरभर पाणी पिऊन
दाबून धरलेली लघवी, पोटावर गार जेल.
"डाव्या ओव्हरीत सिस्ट. एकशे बारा मिलिमीटर."
बाई टाइप करणाऱ्या मुलीला सांगतात,
मला नाही.

माझ्या रिंगमध्ये मावायची नाही.

येताना बसमध्ये एकीने उठून जागा दिली,
"कितवा?"
मी म्हटलं, पाचवा.
द्वारकेला उतरेपर्यंत तो होता.

पहिले डॉक्टर म्हणाले, पिशवीसकट काढू.
कॅनडा कॉर्नरच्या मॅडम कागदावर गोल काढतात,
रक्ताचा रिपोर्ट येऊ दे, मग ठरवू म्हणतात,
आणि पेन ठेवून विचारतात,
झोप लागते का गं?

तो कागद मी मागून घेतला.
घडी नेमकी
गोलावरून गेली.