शिल्लक दिवस

गेल्या वर्षी राबलात
त्याची सुट्टी या वर्षी.
वारांगरच्या किनाऱ्यावर, आमच्या मासळी कारखान्यात
हा कायदा, आणि मी, गुन्वोर, त्याची कारकून.
शेकडा दहा, वर थोडे,
पगाराच्या शेजारी वर्षभर साचत राहतात,
आणि जूनमध्ये, सूर्य मावळायचा थांबला की,
मी ते ज्याच्या त्याच्या खात्यावर सोडते.
नव्या माणसाला आधी हेच समजावते:
दिवस आजपासून तुमचे,
पैसे मात्र पुढच्या जूनला.
नवे लोक हसतात.
बिनपैशांची सुट्टी, म्हणतात,
म्हणजे उपाशी माणसाला दुपारची झोप.

केस्तूतिस हसला नव्हता.
त्याने कागद मागून घेतला,
शब्दकोश उघडून कलमामागून कलम वाचलं,
मग विचारलं, "दिवस पुढे ढकलता येतात?"
"बारा. तुझी सही, आमची सही."
"मग ढकल बारा."
लिथुआनियात, गावी, त्याला छप्पर घालायचं होतं,
एका दमात, अर्धवट नको.
कौलं घेऊनही ठेवली होती,
अंगणात, ताडपत्रीखाली.

आमची सही मी केली,
दुसऱ्या हातात कॉफी होती.

फेब्रुवारीत, कॉड ऐन भरात असताना,
कपडे बदलायच्या खोलीत
एक बूट पायात, एक हातात,
तो बाकावर बसला तो बसलाच.
त्रेपन्न वर्षांचा.
त्या दिवसाची हजेरी अर्धी मांडायची की पूर्ण
मी कोणाला विचारलं नाही.
पूर्ण मांडली.

जूनमध्ये दांगुओले वर आली, त्याची बायको.
कापायच्या टेबलावर खिडकीकडून तिसरी.
मी म्हटलं, सगळे मिळतील,
न घेतलेल्या सुट्टीचेसुद्धा,
मेलेल्या माणसाचंही देणं बुडत नाही आमच्याकडे.
बोलताना मला जरा अभिमानच वाटला असावा.

ती म्हणाली, "पैशाचं कळलं.
दिवस कुठे जातात?"

मी पडद्याकडे पाहिलं.
शिल्लक: बारा.
पुढच्या रकान्यात रक्कम.
म्हणजे माझ्या लेखी हिशेब जुळला होता.

"मला दे ते."
"तसं करता येत नाही."
"कलम दाखव."
असं कलम नाही.
दिवस वारसाला मिळत नाहीत
हे लिहून ठेवायची कोणाला गरजच वाटली नसेल.

मग तिने स्वतःचे मागितले.
सगळे, सलग, सोमवारपासून.
मुकादम ओड्वार जिना चढून धापा टाकत आला:
ऑर्डर तोंडावर आहे, आधीच एक माणूस कमी.
"ते माझंच कमी आहे," ती म्हणाली.

मी त्याला वाचून दाखवलं:
उन्हाळ्यात सलग तीन आठवडे, हा तिचा हक्क.
आणि खालचं कलम, जे मला पाठ होतं
पण मोठ्याने कधी वाचलं नव्हतं:
कामगार सुट्टी घेतो की नाही
हे पाहणं मालकाचं काम.
तिथे माझा आवाज चिरकला.
ओड्वारने टोपी काढली, पुन्हा घातली.

सोमवारी ती गावी गेली नाही.
सकाळी सातला फाटकासमोर
मासळीचा क्रेट उलटा घालून बसली,
मांडीवर डबा, डब्यात उकडलेली अंडी.
भोंगा झाला, सगळे आत गेले, मागे पाहत.
ती उठली नाही, अंडं सोलत राहिली.
मंगळवारीही. पाऊस होता त्या दिवशीही.
रविवार सोडून.
मी खिडकीतून मोजत होते,
मोजायची सवय आहे.

तेराव्या दिवशी क्रेट रिकामा होता,
खाली टरफलं.
बसवाला म्हणाला, पहाटेच विमानतळावर सोडलं,
सामान काही नाही, एक नवा हातोडा,
तो सुरक्षातपासणीत काढून घेतील
असं त्याने तिला सांगितलंही होतं.

माझ्या नोंदीत सगळे दिवस तिच्याच नावावर आहेत.