ञ

मिरजेची शाळा नंबर सात. भिंतीवर तक्ता.
ग गणपतीचा, घ घराचा, च चमच्याचा,
ङ आणि ञ यांचे चौकोन मात्र रिकामे.
बाई छडी त्यांच्यावरून उचलून पुढे न्यायच्या,
डबकं ओलांडावं तशी.

मी हात वर केला होता.
"बाई, ञ मञ्ञळचा."
वर्ग हसला.
"असा शब्द नाही, मगदूम. बस खाली."

घरी होता की.
मिशन हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून
आई पांढरे बूट दाराबाहेर काढायची,
आणि मोहरी तडतडली की म्हणायची, शीबा, मञ्ञळ दे.
तातोबा मगदूम, सांगलीच्या यार्डातले तोलार,
आंघोळीनंतरही नखांत जे उरायचं
त्याला हळद म्हणायचे.
डबा एकच.

त्यांची ओळखही त्यातूनच झालेली.
पोत्याच्या आकड्यानं बोट फाटलं,
अण्णांनी वर हळद दाबली न् गेले तसेच.
आई ओरडली, ती मल्याळममध्ये.
त्यांना राग तेवढा कळला.
ड्रेसिंग सहा दिवसांचं होतं,
ते अकरा दिवस जात राहिले.

कुपवाडच्या एमआयडीसीत, मसाल्याच्या कंपनीत,
मला इंटरव्ह्यूला विचारलं,
"शीबा, आणि मगदूम? म्हणजे नेमकं कुठलं?"
म्हटलं, "मिरजेची, सर. जंक्शन आहे."
हसले. घेतलं.

मग सहा वर्षं पाकिटं काढली.
धणे, तीळकूट, कांदा-लसूण.
नथ काढली, नऊवारी काढली,
चुलीचा धूर काढला, तो तीनदा.
मीटिंगमध्ये म्हणायचे, अजून अस्सल पाहिजे.
अस्सल म्हणजे किती पॉइंटमध्ये,
ते कुणी सांगायचं नाही.
मीही विचारायची नाही. पगार वेळेवर व्हायचा,
व्हिजिटिंग कार्डावर नुसतं एस. मगदूम होतं
आणि ते सोयीचं होतं.

राजापुरी हळदीचं नवं पाकीट माझ्याकडे आलं तेव्हा
मी आईच्या ट्रंकेतून जुना युनिफॉर्म काढला.
खिशापाशी चार बोटांचा डाग,
पंचवीस वर्षं धुतलेला, तरी आहे.
तो स्कॅन केला. तोच पिवळा.
नथ नाही, चूल नाही,
मधोमध फक्त एक अक्षर.

"कोयरी छान जमलीय," कोठावळे सर म्हणाले.
माझ्या तोंडात 'थँक यू' आलंच होतं.

"कोयरी नाही, सर. ञ आहे."
आणि सगळं सांगितलं,
तक्ता, छडी, मोहरी, बोट.
सांगता सांगता आवाज चौथीतला झाला,
पण या वेळी मी बसले नाही.

कोठावळ्यांनी चष्मा पुसला.
सेल्सचे म्हणाले, लोक वाचणार कसं?
बराच वेळ एसीचाच आवाज.
शेवटी ठरलं असं:
पिवळा दहा टक्के भडक,
अक्षर मधून कोपऱ्यात.
कोपऱ्यात, पण राहिलं.
संध्याकाळी मी नव्या कार्डांची ऑर्डर दिली,
नाव पूर्ण.

पहिलं पाकीट घरी नेलं.
अण्णांनी नाकाशी धरलं.
"नुसता शाईचाच वास येतोय की गं!"
आईनं उलटं करून तारीख बघितली, वजन बघितलं,
औषधाची बाटली बघतात तसं,
मग कोपऱ्यावर बोट ठेवलं.
केसपेपर वाचून वाचून मराठी शिकलेली ती,
हे अक्षर तिला कुठल्याच पेशंटमध्ये भेटलं नव्हतं.
"हे काय?"
"तुझं आहे. मञ्ञळमधलं."

ती काही बोलली नाही.
गॅसवर मोहरी तडतडायला लागली होती.
तिनं पाकीट दाताशी नेलं
आणि फाडला,
नेमका तोच कोपरा.

"अगं, ठेवायचं होतं ते!" अण्णा ओरडले,
तोवर सगळं डब्यात.