पांढरा गाभा

बाबा म्हणायचे, लादी काचेसारखी हवी,
पलीकडचा माणूस ओळखू आला पाहिजे.
ससून डॉकमागच्या गल्लीत, मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या डब्यांत
पाणी बाहेरून आत गोठत जातं
आणि हवा सरकत सरकत मधोमध कोंडते:
एक पांढरट रेघ, सुरमईच्या कण्यासारखी.
तो गाभा म्हणजे खोट.
टोच्यानं फोडून बाबा तो गटारात लोटायचे,
तांडेलांच्या कारखान्यातून असला बर्फ
होडीवर चढायचा नाही.

त्याच खोटीसाठी मी चौदा महिने घर सोडलं.

सॅटेलाइट फोनवर त्यांचा पहिला प्रश्न,
थंडी किती?
उणे एकतीस.
पलीकडे खरखर. मग धंद्यातल्या माणसाचा आवाज:
"आमच्या टाकीत उणे दहा.
तिथलं वीजबिल कोण भरतं?"

ड्रिलवर वसईचा इनास असायचा.
नळी वर आली की आम्ही सगळे तोंड फिरवून श्वास सोडायचो,
कारण आमचा श्वास आजचा होता
आणि नमुन्याला तो नको होता.
मी लिहायचे. खोली. थर. तडे. बुडबुडे.
पेन्सिलनं, शाई गोठते म्हणून.
एकशे बारा मीटरवरचा बर्फ पडला
तेव्हा मुंबई म्हणजे सात सांडलेले तुकडे,
आणि कुलाब्याला जायचं तर
होडी, नाहीतर ओहोटीची वाट.
त्या बुडबुड्यात तेव्हाची हवा.
इनास म्हणाला, किती स्वच्छ असेल ना.
मी वहीत "स्वच्छ" लिहिलं नाही.
मी आकड्यासाठी जागा सोडली.

गाभे शीतपेटीतून गोव्याला गेले.
बाबा बॅग उलटीपालटी करून बघत राहिले.
"बर्फवाल्याची पोर, आणि हात हलवत आली?"
मग मी त्यांना फोन दिला.
कापताना उरलेला चुरा आम्ही पेल्यात टाकला होता,
त्याचा आवाज, दोन मिनिटं अकरा सेकंद.
तड. तडतड. तड.
दाबलेली हवा सुटतानाचा.
कॉम्प्रेसरच्या घरघरीत एक कान बोटानं बंद करून
ते ऐकत उभे होते.
"बोंबील तेलात सोडल्यासारखं,"
म्हणाले. हसले.
मग पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं
आणि या वेळी हसले नाहीत.

तिकडचं वितळतं, इकडचं चढतं, मी सांगत होते.
वर्षाला किती?
काही मिलिमीटर.
"माझ्या टोच्याचं टोक त्याहून जाड आहे, बाय."
एवढं बोलून ते मला मोटरीच्या ओट्यापाशी घेऊन गेले.
भाद्रपदाच्या उधाणात पाणी गल्लीत शिरतं,
दोन वेळा मोटर जळली,
तेव्हापासून ओट्यावर विटांचा थर चढतो.
खालच्या विटा काळ्या, तेलकट,
त्यावरच्या मिठानं खवले सुटलेल्या,
मग सिमेंट बदललेलं,
वरचा थर अजून लाल.
मी खाली बसले. सवयीनं मोजायला लागले.
हा कधीचा?
तुझ्या दहावीचा.
हा?
आई गेली त्या वर्षीचा.
सगळंच समुद्रामुळे नाही, मी म्हटलं,
गटारं तुंबतात, भराव घातलाय, जमीनही दबते कुठे कुठे.
"मी कुठे म्हटलं समुद्रामुळे,"
बाबा म्हणाले,
"मी विटा आणल्या, एवढंच."

पेन्सिल खिशात होती.
बिलाच्या मागे मी चार ओळी लिहिल्या,
खालून वर.

संध्याकाळी एक लादी क्रेनवरून निसटली,
बरोबर मधून फुटली.
कुणी बघत नाही असं पाहून बाबांनी
पांढऱ्या गाभ्याचा तुकडा उचलला,
बालदीतल्या पाण्यात टाकला,
वाकून कान लावला.
बराच वेळ.
"यात काही नाही," म्हणाले,
"आजचीच हवा आहे."
तुकडा त्यांनी गटारात टाकला नाही.
कोळंबीच्या क्रेटवर ठेवला
आणि हात लुंगीला पुसले.