किती वेळा टक्

पाय क्लचला पुरत नव्हते तेव्हापासून
हे माझं काम: सीटवर बसून किल्ली फिरवायची
आणि आब्बांना बोटांनी सांगायचं, किती वेळा टक्.
एक बोट म्हणजे एकदाच.
मूठ म्हणजे काहीच नाही.
पाची बोटं भराभर उघडमीट म्हणजे
टकटकटकटक, गारठलेल्या माणसाच्या दातांसारखं.

आब्बांचा उजवा कान पत्र्यावर हातोडा मारण्यात गेला,
डावा त्याच्या सोबतीला.

त्या दिवशी विट्यात, मायणी रोडला, उजाडायच्या आत
चौघांनी ढकलत आणली जालिंदर शेठची इंडिका.
पासिंग तमिळनाडूचं. मागच्या काचेवर गावचा म्हसोबा.
यात्रेसाठी आलेले, आठ दिवस गाडी चिंचेखाली,
आणि परवा ईरोडला गलाईचं दुकान उघडायचं.
"बॅटरी काल नवी टाकली. साडेचार हजार.
जुनी डिकीत हाय."
आब्बांना ऐकू गेलं नाही.
शेठनी परत सांगितलं,
साडेचार हजार जरा मोठ्यानं.

"लाईट लाव."
समोरच्या रसवंतीची पाटी लख्ख.
"आता किल्ली मार, आन् लाईटीकडं बघ."
दिवे होते तसेच राहिले.
मी खिडकीतून हात काढला: पाची बोटं.

"लाईट मरत न्हाई, इंजान उठत न्हाई.
मग खाल्लेलं जातंय कुठं?"

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक स्टार्टरच्या पोटाला,
मूठ स्वतःच्या जबड्याला. डोळे मिटलेले.
दूधवाला थांबून बघतो,
मिस्त्री गाडीला दाढ दाखवतोय.
"परत."
"परत."
तिसऱ्यांदा त्यांनी दुसरा हात झटकन मागे घेतला.
क्लचची वायर. चटका बसला.

"क्लचच्या वायरीत करंट कशाला जाईल?" शेठ म्हणाले.
हे मात्र आब्बांना ओठांवरून कळलं.
"गेलेल्याला परत यायला रस्ता लागतो, शेठ.
मोठा रस्ता बंद असला की
ते कुणाच्याबी बांधावरनं येतं
आन् बांध जाळत येतं."

मग पोतं अंथरून खाली.
वर आले ते हातात एक चपटी, विणलेली पट्टी घेऊन,
टोकाला हिरवंनिळं.
तीस वर्षं तेजाबात सोनं उतरवून
पिवळ्या पडलेल्या नखानं शेठनी ते खरवडलं, हुंगलं.
"मोरचूद."
"काय बी म्हणा. गाडीचा अर्थ गेलाय."

(शाळेत बाई विचारायच्या, शाहीन, कवितेचा अर्थ सांग.
मला दिसायची बॉडीला बोल्टनं आवळलेली काळी वायर.)

जाड केबल, एक टोक बॅटरीच्या मायनसला,
एक इंजिनाच्या हुकाला.
मी किल्ली फिरवली.
बोट वर करायची गरज पडली नाही,
सीट, आरसा, आरशाला लटकलेलं लिंबू, सगळं थरथरलं.
शेठ दार उघडून बसायच्या बेतात.

"बंद कर."
शेठ कळवळले, "अवो, लागलीया की!"
"एकदा लागली म्हंजी लागली असं नसतंय."
सात वेळा बंद, सात वेळा चालू.
नवी पट्टी, एक बोल्ट, पॉलिश पेपरचा तुकडा: दोनशे.
शेठनी पाचशे दिले, आब्बांनी तीनशे परत मोजले.

"मग बॅटरी?"
"जुनी बरी व्हती."
शेठ बराच वेळ डिकीकडे बघत राहिले.
"ठेवा तुमच्याकडंच," म्हणाले, आणि गेले कराडच्या दिशेनं.

ती अजून कोपऱ्यात आहे. लाईट गेली की
तिच्यावर एक बल्ब जळतो, पान्यांवर पुरेसा.
दिवाळीला ईरोडहून फोन येतो.
आब्बा तो कानाला लावत नाहीत.
जबड्याला लावतात.